बाहेर राहून गावाकडं घर-प्लॉट घेताय? इसार द्यायच्या आधी टॅक्सचं हे पाहून घ्या

दिवाळी जवळ आली की माझ्याकडं पहाटे साडेपाचलाच फोन सुरू होतात, कारण तिकडं अमेरिकेत तेव्हा रात्रीची जेवणं उरकलेली असतात आणि पोरं निवांत बोलायला मोकळी असतात. मी आर्वीला रिटर्न भरायचं काम करतो, आजूबाजूच्या खेड्यांतली पुष्कळ पोरं आता अमेरिका, कॅनडा, दुबई अशी गेलेली आहेत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, मी तर विकत घेऊन रायलो, विकून नाही रायलो, मग मले कायचा टॅक्स?"

खरेदीवर इन्कम टॅक्स लागत नाही हे बरोबर आहे. पण टॅक्स न लागणं वेगळं आणि कागद न भरणं वेगळं. घेणाऱ्यावर टीडीएस कापायची, म्हणजे विकणाऱ्याला पैसे देतानाच त्यातून टॅक्स कापून सरकारात भरायची जबाबदारी असते, पैसा कुठून आला ते दाखवायची असते, काही वेळा रिटर्न भरायची पण असते, आणि यातलं बरंचसं रजिस्ट्रीच्या आधी, खरं तर इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, द्यायच्या आधीच ठरवावं लागतं. रजिस्ट्री होऊन पोरगा विमानात बसला की मग मी काही करू शकत नाही, म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा २०२५ लागू झालाय, त्यात कलमांचे नंबर बदललेत. मी खाली जुन्याच नंबरांनी बोलतोय कारण बँकेत, सीएकडं, अर्जनवीसाकडं (खरेदीखत लिहिणाऱ्याकडं) सगळे अजून तेच बोलतात. भरताना पोर्टलवर त्या फॉर्मचं जे नवीन नाव-नंबर दिसेल ते घ्या.

वावर घेता येत नाही, आणि भावाच्या नावानं घ्यायचा विचारही करू नका

एनआरआय (बाहेर राहणारा भारतीय) असो की ओसीआय कार्डवाला (विदेशी नागरिकत्व घेतलेला मूळचा भारतीय), त्याला भारतात शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळ्याची-बागेची जमीन विकत घेता येत नाही. हे परकीय चलनाच्या कायद्यातलं, म्हणजे फेमातलं आहे, २०१९ च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय. बाबांनी बक्षीसपत्र करून वावर दिलं तरी चालत नाही. वारसानं आलं तर चालतं, आणि तुम्ही इथं राहत होता तेव्हाच तुमच्या नावावर असलेलं वावर तुमच्याकडंच राहू शकतं, त्याला कोणी हात लावत नाही. घर, दुकान, अकृषक म्हणजे एनए झालेला प्लॉट हे मात्र विकत घेता येतं, कितीही.

आता आपल्याकडं होतं काय, की लेआऊटवाला म्हणतो एनए होऊन जाईल, सहा महिन्यात होईल, तुम्ही आत्ता सातबाऱ्यावर खरेदी लावून घ्या. सातबाऱ्यावर जर अजून शेतीच लिहिलेली असेल तर तुमच्यासाठी ती शेतजमीनच आहे, मग त्यावर खांब गाडून रस्ते पाडलेले असले तरी. एनएचा आदेश हातात घ्या, त्यातला गट नंबर आणि तुमच्या प्लॉटचा गट नंबर जुळवून पाहा. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात आणखी एक पाहा, जुन्या रेकॉर्डला झुडपी जंगल अशी नोंद आहे का. सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीनच धरायच्या असं सांगितलंय, तेव्हा तशी नोंद दिसली तर कितीही स्वस्त असू द्या, सोडून द्या. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ घ्या, पण तो कर आकारणीचा कागद आहे, त्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका, जुनी खरेदीखतं मागा, आणि ड्रोन मोजणी झालेली असेल तर स्वामित्व योजनेची मिळकत पत्रिका मागा. शहरात असेल तर आखीव पत्रिका. पटवाऱ्याकडं जाऊन फेरफार स्वतःच्या डोळ्यानं पाहायला कोणाला तरी पाठवा, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर जाऊ नका.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. "मले घेता येत नाही ना, मग मोठ्या भावाच्या नावानं घेतो, पैसे मी पाठवतो" हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता ऐकलं तरी पोटात गोळा येतो. पैसा तुमचा, नाव भावाचं, आणि मनात हे की वावर आपलंच आहे, याला कायद्यात बेनामी म्हणतात. १९८८ चा कायदा आहे, २०१६ मध्ये तो कडक झाला, मालमत्ता सरकारजमा होऊ शकते. बायकोच्या किंवा लेकराच्या नावानं तुमच्या उजळ पैशातून घेतलं तर सूट आहे, पण भाऊ, बहीण, आई-बाबा यांच्या बाबतीत सूट तेव्हाच जेव्हा कागदावर तुमचंही नाव त्यांच्यासोबत जोडीनं असतं. वावरावर तुमचं नाव जोडताच येत नाही, म्हणजे तो रस्ता बंद. भावाला खरोखर पैसे द्यायचेत, त्याचं त्यानं वावर घ्यावं, कसावं, तुमचा काही हक्क नाही, तर ती भेट झाली, भावाकडून भावाला भेटीवर टॅक्स नाही, खुशाल द्या. पण मग दहा वर्षांनी "माझ्या पैशाचं वावर" असं म्हणायचं नाही. बाबांच्या नावानं घर घ्यायचं म्हणता तेव्हा पण हेच, ते घर बाबांचं होईल आणि बाबांनंतर सगळ्या भावंडांचं. हे आधी घरात बसून बोलून घ्या, बहिणींसमोर.

विकणारा राहतो कुठं?

आता मुख्य गोष्टीवर येतो. सगळ्यात जास्त माणसं इथंच फसतात आणि कोणी सांगतच नाही.

माझ्या चुलतभावाचं उदाहरण देतो. तो अमेरिकेत, इथं त्यानं २२ लाखांचा एनए प्लॉट घेतला. सौदा गावातल्याच एका ओळखीच्या काकांशी झाला, इसार त्यांच्या ओसरीत बसून दिला, चहा झाला, साखर वाटली. प्लॉट होता त्या काकांच्या मुलाच्या नावावर आणि मुलगा सहा वर्षांपासून दुबईत कामाला. रजिस्ट्रीला काका मुलाचं मुखत्यारपत्र घेऊन आले. कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात एकच पाठ, ५० लाखाच्या खाली टीडीएस नसतो. सव्वा वर्षांनी भावाला नोटीस आली, की विकणारा अनिवासी आहे, तुम्ही टीडीएस का कापला नाही, २,८६,००० भरा आणि वर व्याज.

तो ५० लाखाचा नियम आहे कलम १९४-आयए चा, आणि तो फक्त विकणारा भारतात राहणारा असेल तेव्हाचा. विकणारा अनिवासी असेल तर कलम १९५ लागतं आणि तिथं कमीत कमी रक्कम अशी काही नाहीच, पाच लाखाचा प्लॉट असो की पाच कोटीचा बंगला, पहिल्या रुपयापासून. दर पण १ टक्का नाही. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ त्याच्याकडं असलेल्या मालमत्तेवर १२.५ टक्के अधिक सेस (त्या टॅक्सवरचा उपकर), म्हणजे ५० लाखापर्यंत सरळ १३ टक्के, ५० लाख ते १ कोटीत अधिभार धरून १४.३. आणि हा टीडीएस व्यवहारात पूर्ण किमतीवर कापावा लागतो, त्याच्या नफ्यावर नाही, जोपर्यंत तो विकणारा आयकर खात्याकडून कमी दराचा दाखला आणत नाही. २२ लाखाचे १३ टक्के म्हणजे २,८६,०००, तो आकडा तिथून आला.

भाऊ त्यातून सुटला ते असं, की दुबईच्या मुलानं नशिबानं त्या वर्षीचं रिटर्न भरलं होतं आणि नफ्यावरचा टॅक्सही भरला होता, मग त्याच्या सीएकडून फॉर्म २६ए चं सर्टिफिकेट घेतलं आणि मूळ रक्कम माफ झाली. पण मधल्या महिन्यांचं व्याज भरावंच लागलं. आणि विकणाऱ्यानं रिटर्न भरलंच नसतं तर ते दोन लाख शहाऐंशी हजार भावाच्या खिशातून गेले असते, काकांनी काही परत दिले नसते. त्यांचंही चूक म्हणता येत नाही, त्यांना पण कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून इसार द्यायच्या आधी विचारा, कागदावर नाव कोणाचं आहे, आणि तो माणूस या आर्थिक वर्षात भारतात किती दिवस होता. पासपोर्ट भारतीय आहे का हा प्रश्न नाही, आयकरात दिवस मोजतात, मोटामोटी १८२ दिवस. चार भावांची सामाईक मालमत्ता असेल आणि त्यातला एक बाहेर असेल तर त्या एकाच्या हिश्श्यावर १९५ आणि बाकीच्या तिघांचं वेगळं. इसार पावतीतच एक ओळ घालून घ्या की विकणारा या वर्षी आयकर कायद्यानुसार निवासी आहे किंवा अनिवासी आहे, सहीनिशी. अर्जनवीस कटकट करेल, म्हणेल असं कोणी लिहीत नाही, तरी लिहून घ्या.

अनिवासी निघाला तर तुम्हाला टॅन, म्हणजे टीडीएस भरणाऱ्याचा नंबर, काढावा लागेल, फॉर्म ४९बी, ऑनलाईन होतो. टीडीएस कापायचा पैसे देतानाच, इसाराच्या वेळचा सुद्धा, आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरायचा, मार्चमध्ये कापलेला ३० एप्रिलपर्यंत. मग तिमाहीचं रिटर्न फॉर्म २७क्यू मध्ये, पहिल्या तिमाहीचं ३१ जुलै, दुसऱ्याचं ३१ ऑक्टोबर, तिसऱ्याचं ३१ जानेवारी, चौथ्याचं ३१ मे. ते भरलं की फॉर्म १६ए निघतो, तो विकणाऱ्याला द्यायचा. १३ टक्के ऐकून विकणारा बिथरतो, सौदा मोडायला निघतो, त्याला समजावून सांगा की फॉर्म १३ नं अर्ज करून कमी दराचा दाखला काढ, तुझा खरा नफा कमी असेल तर दरही कमी होईल. त्याला काही आठवडे लागतात, म्हणून रजिस्ट्रीची तारीख त्या हिशोबानं धरा, तुमच्या परतीच्या तिकिटाच्या हिशोबानं नाही.

विकणारा इथलाच असेल आणि किंमत ५० लाख किंवा जास्त, तर १ टक्का कापायचा, टॅन लागत नाही, फॉर्म २६क्यूबी भरायचा, ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यापासून ३० दिवसांत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. खेड्यात ५० लाखाचं क्वचितच होतं पण नागपुरात फ्लॅट घेणाऱ्यांना हे लागतंच. नवरा-बायको दोघांच्या नावानं असेल तर दोन फॉर्म, आणि विकणारे पण दोन असतील तर चार. आणि हिस्सा पंचवीस-पंचवीस लाखाचा आहे म्हणून सुटलो असं नाही, १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांची रक्कम एकत्र धरतात.

विकणाऱ्याचं पॅन चालू आहे का हेही पाहा. आधारशी न जोडलेलं पॅन बंद पडलं असेल तर जास्त दरानं कापावा लागतो. तुमचं स्वतःचं पॅन पण पाहून घ्या, एनआरआयला आधार जोडायची सक्ती नाही, पण पोर्टलवर तुमचं स्टेटस अनिवासी असं केलेलं पाहिजे, नाहीतर तुमचंही बंद पडतं. नवीन काढायचं असेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांना फॉर्म ४९ए, विदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना ४९एए.

सरकारी भावापेक्षा कमी लिहू नका

आपल्याकडं खरेदीखतात किंमत कमी लिहायची जुनी खोड आहे, थोडं चेकनं, थोडं रोख. एनआरआयनं तर रोख व्यवहारात पडूच नये. पैसा बँकेतूनच द्यायचा, बाहेरून थेट पाठवून किंवा एनआरई, एनआरओ, एफसीएनआर या एनआरआयच्या बँक खात्यांतून. डॉलरच्या नोटा आणून दिल्या तर ते फेमात बसत नाही. आणि जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तेवढाच दंड, तो पण अडकतो, त्याला हे सांगितलं की तो स्वतःच चेक मागतो.

आता हिशोब पाहा. रेडी रेकनरनं, म्हणजे सरकारी भावानं, किंमत निघते ३० लाख आणि खरेदीखत झालं २४ लाखांचं. फरक ६ लाख. तो जर ५०,००० पेक्षा जास्त आणि लिहिलेल्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर पूर्ण ६ लाख तुमचं उत्पन्न धरतात, घेणाऱ्याचं, कलम ५६ मध्ये. नवीन पद्धतीत ४ लाखापर्यंत टॅक्स नाही, वरच्या २ लाखावर ५ टक्के आणि सेस, १०,४०० रुपये. इथं राहणाऱ्याला एवढ्या उत्पन्नावर ८७ए ची सूट मिळून शून्य झालं असतं, एनआरआयला ती सूट नाही. आणि उत्पन्न ४ लाखाच्या वर गेलं म्हणजे रिटर्न भरणं पण आलं. म्हणजे काहीच कमावलं नाही, फक्त प्लॉट घेतला, आणि रिटर्न भरावं लागलं.

खरोखरच सौदा स्वस्तात झाला असेल, वाद होता, रस्ता नव्हता, असं असेल तर ते खात्याला सांगता येतं पण त्रास होतो. एक सोपा बचाव आहे तो बहुतेकांना माहीत नसतो, इसाराचा करार लेखी केला, त्यात किंमत ठरली आणि इसार बँकेतून दिला, तर सरकारी भाव इसाराच्या तारखेचा धरता येतो, रजिस्ट्रीच्या तारखेचा नाही. रेडी रेकनर १ एप्रिलला बदलतो, तेव्हा मार्चमध्ये इसार आणि जूनमध्ये रजिस्ट्री असेल तर याचा मोठा फरक पडतो. ओसरीत बसून रोख दिलेला इसार इथं काहीच कामाचा नाही.

रिटर्न कधी भरायचं

फक्त घर घेतलं, इथं दुसरं उत्पन्न नाही, तर रिटर्न बंधनकारक नाही. पण मोठ्या रकमेची खरेदी रजिस्ट्रार ऑफिस आयकराला कळवतं आणि ती तुमच्या एआयएस मध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या व्यवहारांच्या यादीत) दिसते. पॅनवर एवढी मोठी खरेदी आणि रिटर्न एकही नाही, असं दिसलं की विचारणा येऊ शकते, पैसा कुठला. म्हणून माझं मत असं की खरेदीच्या वर्षी रिटर्न भराच, उत्पन्न शून्य का असेना. आयटीआर-१ चालत नाही, एनआरआयला आयटीआर-२, ३१ जुलैच्या आत. भरावंच लागतं ते असं: इथलं उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं, किंवा वर्षात तुमचा २५,००० किंवा जास्त टीडीएस कापला गेला. एनआरओ खात्यातल्या एफडीवर बँक ३० टक्क्यांनी कापते, त्यामुळं हा आकडा लवकर येतो, आणि तो परत मिळवायला पण रिटर्नच लागतं.

घर भाड्यानं दिलं तर आणखी एक. भाडेकरूनं एनआरआय मालकाला भाडं देताना ३० टक्के आणि सेस, ३१.२ कापायचं असतं, इथंही खालची मर्यादा नाही. तालुक्याच्या गावात आठ हजार भाडं देणारा मास्तर हे करत नाही, त्याला माहीतच नसतं, पण एखादी बँक किंवा कंपनी भाडेकरू असेल तर ती बरोबर कापते. तुम्ही भाड्यातून घरपट्टी वजा करा, राहिलेल्यातून ३० टक्के वजा करा, उरलेलं उत्पन्न. घरात आई-बाबाच राहत असतील आणि भाडं नसेल तर दोन घरांपर्यंत उत्पन्न शून्य धरतात.

वारसानं आलेलं वावर ठोक्यानं (ठरलेल्या रकमेवर) किंवा बटईनं (पिकाच्या वाट्यावर) दिलं असेल तर त्याचं उत्पन्न इथं करमुक्त, एनआरआयला सुद्धा. रिटर्नमध्ये दाखवा मात्र. तिकडं ते करमुक्त नाही, ते खाली सांगतो.

दुबई-कतरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, इथलं उत्पन्न १५ लाखाच्या वर असेल आणि तिकडं टॅक्सच नसेल तर भारतीय नागरिकाला इथं निवासी धरायचा नियम आहे, आणि वर्षात १२० दिवस इथं राहिलात तरी प्रश्न येतो. खेड्यात घर घेणाऱ्या बहुतेकांना हे लागत नाही, ज्याचं कॉम्प्लेक्स आहे त्यानं पाहावं.

तिकडचे कागद

अमेरिकेत असाल तर, सिटिझन असो, ग्रीन कार्ड असो, किंवा दिवसांच्या हिशोबानं तिकडचा निवासी झालेला एच-१ व्हिसावाला असो, जगभराचं उत्पन्न तिकडं दाखवावं लागतं. स्वतःच्या नावानं घेतलेलं घर किंवा प्लॉट याची नुसती मालकी कुठं कळवायची नसते. पण घर घ्यायला जे पैसे इथल्या खात्यात आणले ते खातं कळवायचं असतं. वर्षात कोणत्याही एका दिवशी भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार (परदेशातली खाती कळवायचा फॉर्म) भरायचा, १५ एप्रिलपर्यंत, आणि न मागता १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. प्लॉटचे पैसे चार दिवस एनआरई खात्यात थांबले की झालंच दहा हजार पार. आणि यात आईसोबतचं जोडखातं पण येतं, ज्यात तुमचा एक रुपया नाही, फक्त तिच्या सोयीसाठी तुमचं नाव आहे. एका ताईंच्या बाबतीत तेच राहून गेलं होतं, आईचं पेन्शनचं खातं, गावातल्या शाखेतलं, वीस वर्षं जुनं. एकटी व्यक्ती असेल आणि वर्षअखेर ५०,००० डॉलरच्या वर असेल तर फॉर्म ८९३८ पण, जोडप्याला १,००,०००.

एनआरई खात्याचं व्याज इथं करमुक्त, तिकडं नाही. बटईचे पैसे इथं करमुक्त, तिकडं नाही. भाडं दोन्हीकडं दाखवायचं, इथं भरलेल्या टॅक्सची वजावट तिकडं फॉर्म १११६ नं मिळते, म्हणून इथल्या रिटर्नची आणि चलनाची प्रत जपा. तिकडं भाड्यानं दिलेल्या घराची घसारा वजावट ३० वर्षांत विभागून मिळते, त्यासाठी जमिनीची किंमत वेगळी आणि बांधकामाची वेगळी सांगावी लागते, खरेदीखतात ती फोड असली तर काम सोपं. बाबांनी घर बक्षीस दिलं किंवा वारसानं आलं आणि किंमत १,००,००० डॉलरच्या वर असेल तर फॉर्म ३५२०, टॅक्स काही नाही पण नाही भरला तर दंड जबर.

कॅनडावाल्यांना टी११३५, बाहेरची मालमत्ता १,००,००० कॅनडियन डॉलरच्या वर खरेदी किमतीनं गेली तर, फक्त स्वतःच्या वापराचं घर त्यात धरत नाहीत. इंग्लंडमध्ये इथलं भाडं सेल्फ असेसमेंटमध्ये, ३१ जानेवारीपर्यंत.

फाईल

मुखत्यारपत्रावर खरेदी होणार असेल तर ते तिकडं नोटरी आणि अपोस्टिल करून किंवा आपल्या दूतावासातून करून पाठवा, आणि ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथं त्यावर मुद्रांक भरून घ्या. पाकीट आलं की त्यावरच्या तारखेसकट पाकीट सुद्धा जपून ठेवायचं, फाडून फेकायचं नाही, कारण कधी पोचलं ते त्यावरूनच कळतं.

एनआरआयनं विकलं तर महागाईनुसार किंमत वाढवून धरायची सवलत नाही, २३ जुलै २०२४ नंतर ती फक्त इथल्या निवासींना, तेही त्याआधी घेतलेल्या मालमत्तेला. म्हणजे तुम्ही घेतलं त्या किमतीत जे जे जोडता येईल तेवढाच आधार. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, आणि मुख्य म्हणजे बांधकाम. आपल्याकडं घर बांधताना गवंड्याला शनिवारी रोख द्यायचे, रेती ट्रॅक्टरवाल्याकडून, विटा भट्टीवरून, सगळं बिनबिलाचं. मावसभावानं घर बांधलं तेव्हा त्याच्या आईनं दर शनिवारी एका शंभर पानी वहीत लिहून ठेवलं, तारीख, गवंड्याचं नाव, किती दिले, आणि समोर त्याची सही किंवा अंगठा. सिमेंट-लोखंडाची पक्की बिलं त्याच वहीत टाचणीनं लावलेली, पैसे एनआरओ खात्यातून काढलेले त्याची पासबुकात नोंद. पंधरा वर्षांनी घर विकलं तेव्हा त्या वहीवर बांधकामाचा खर्च धरता आला. मावशी चौथी शिकलेली आहे. सीएनं ती वही पाहून झेरॉक्स काढून घेतली.

पैसे बाहेरून आल्याचा बँकेचा कागद, स्विफ्टची प्रत, एनआरई स्टेटमेंट, हे पण त्याच फाईलमध्ये. उद्या विकून पैसा परत न्यायचा झाला तर बँक हेच मागते. परकीय चलनानं घेतलेल्या दोन घरांपर्यंतची मूळ रक्कम तशी नेता येते, बाकीचं एनआरओतून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, १५सीए आणि १५सीबी हे पैसा बाहेर पाठवायचे फॉर्म लावून. वारसानं आलेल्या घराला मृत्युपत्र किंवा वारस फेरफार, आणि पूर्वी कोणी कितीला घेतलं त्याचा कागद, ते २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन. ते मूल्यांकन आत्ताच करून घ्या, वाड्याची भिंत उभी आहे तोवर.

आणि रिटर्न भरल्यावर व्हेरिफाय करायला विसरू नका, बाहेर असताना आधारचा ओटीपी येत नाही कारण इथलं सिम बंद पडलेलं असतं, म्हणून नेटबँकिंगनं करा, नाहीतर आयटीआर-व्ही, म्हणजे रिटर्न भरल्याची पोच, तिची प्रत सही करून बंगळुरूला टपालानं, भरल्यापासून ३० दिवसांत पोचली पाहिजे. सही निळ्या शाईनं करा, आणि टपालाची पावती मला व्हॉट्सॲपवर टाका.